द्वारकाबाईंनी शोधलेली मुलगी

बानाच्या अंगावर शाल पडली, टाळ्या वाजल्या आणि द्वारकाबाईंचे हात मांडीवरच राहिले. का, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कार्यक्रम तर चांगलाच चालला होता. शाळेपुढं मांडव घातलेला. हेडमास्तर कारभारी गुरुजी कडक इस्त्रीच्या कपड्यांत इकडून तिकडं धावत होते. पहिल्या रांगेत बानाचा बाप भिकन लाल फेटा सावरत, गुडघे जुळवून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. त्याची पोरगी चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात पहिली आली होती. कन्नडजवळच्या त्या वस्तीवर, जिथं निम्मी घरं वर्षातले सहा महिने मेंढरांमागं फिरतीवर असतात, असं कधी घडलं नव्हतं.

शाल घालणारे पाहुणे औरंगाबादहून आले होते. काकासाहेब सर. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांची निवासी ॲकॅडमी होती आणि जिल्ह्यातली हुशार पोरं तिथं जातात असं सगळे म्हणत. माणूस बोलायला गोड, आवाज हळू. त्यांनी बानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो न काढताच माइकमध्ये म्हणाले, "ही मुलगी आजपासून आमची."

लोक हसले. पुन्हा टाळ्या झाल्या. बाना त्या हाताखाली मान आखडून उभी होती, लोकर कातरताना मेंढरू उभं राहतं तशी.

द्वारकाबाई तिच्या वर्गशिक्षिका. तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांचे वडील, पुंजाराम, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले होते आणि वर्गात पहिले यायचे. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, शाळा मराठी झाल्या, आणि पहिल्या नंबराचा पुंजाराम एका वर्षात शेवटच्या रांगेत जाऊन बसला. नवे मास्तर म्हणाले, पोरगं ठोंब्या आहे. पोरगं ठोंब्या नव्हतं, त्याच्या हाताला नुसती मराठी लिहायची सवय नव्हती. पण तेवढं तपासून बघायला कुणाला वेळ होता? पुंजारामनं शाळा सोडली आणि औत धरलं. म्हातारपणापर्यंत ते ही गोष्ट हसत हसत सांगायचे. त्या हसण्याचीच द्वारकाबाईंना लहानपणी भीती वाटायची.

त्या डी.एड. झाल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या, साखर कारखान्यातल्या कारकुनाशी लग्न झालं. बरीच वर्षं त्यांनीही चारचौघांसारखंच शिकवलं. फळ्यावर एक गणित, पोरांच्या पाट्यांवर तसलीच दहा. पटापट सोडवील तो हुशार, रेंगाळेल तो ढ. मग एकदा शहरात प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणांना सगळे जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसतात, द्वारकाबाईही तशाच बसल्या होत्या. पण शिकवणाऱ्या बाई वेगळ्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "कुणावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. तपासा. धडा शिकवायच्या आधी विचारून बघा, कुणाला काय आधीच येतं. ज्याला येतं त्याला तेच पुन्हा करायला लावलं तर ते मूल एक तर कंटाळून मस्ती करील, नाहीतर गप्प होईल. त्याला तसलीच आणखी गणितं नकोत, खोल जाणारं गणित हवं. नवीन काही केलंत की महिनाभरानं बघा, फरक पडला का. नाही पडला तर बदला. आणि एक लक्षात ठेवा. अशी मुलं फक्त स्वच्छ गणवेशात आणि पहिल्या बाकावर नसतात."

द्वारकाबाईंना परतीच्या एसटीत सबंध वाटेनं वडिलांचं हसणं आठवत राहिलं.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी तसं करून बघायला सुरुवात केली. एकदा फळ्यावर काड्यापेटीच्या काड्यांचे चौकोन काढले, एकाला एक चिकटून. एका चौकोनाला चार काड्या, दोनांना सात. मग दहांना किती? सगळा वर्ग चाळीस म्हणून ओरडला. बाना ओरडली नाही. ती मागं, खिडकीपाशी बसायची. वर्गात मधली पोरगी. तिचे पेपर अर्धे कोरे असायचे, म्हणून कारभारी गुरुजी तिला आळशी म्हणत.

"एकतीस," ती म्हणाली.

"कसं गं?"

"वाड्यावाणी हाय ना ते. शेजारच्या वाड्याची एक बाजू फुकट मिळती. पयल्याला चार, मग तीन-तीनच लागत्यात."

मेंढरं बसवायला तिच्या घरचे शेतात जाळीचे वाडे लावत, ते तिला आठवलं होतं. द्वारकाबाईंनी शंभर चौकोनांचं विचारलं. तिनं लगेच तीनशे एक सांगितलं. मग बाईंनी न विचारताच तीच म्हणाली, "पर बाई, वाड्यावर वाडा चढवला तर? दोन मजली?"

"तर किती लागतील?"

"थांबा ना," बाना चिडून म्हणाली. "सांगू नका."

त्या दिवशी द्वारकाबाईंना कळलं की हिचे पेपर कोरे का असतात. पहिलं गणित सुटलं की पुढची नऊ तसलीच आहेत हे तिला दिसायचं, आणि दिसल्यावर ती पेन खाली ठेवायची.

पुढचं वर्ष हे द्वारकाबाईंच्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष. गणिताच्या तासाला त्यांनी बानाला मोठ्या पोरांच्या वर्गात बसवलं. जे तिला येत होतं ते गाळलं, जे येत नव्हतं ते, म्हणजे वाचून लिहून सांगणं, ते रोज थोडं घेतलं. अवघड प्रश्न एकच द्यायचा आणि तो आठवडाभर तिच्याकडं राहू द्यायचा. रोज सकाळी त्या विचारायच्या, "काय नवीन सापडलं?" आणि बाना काहीतरी सांगायचीच. कधी चुकीचं सांगायची, मग दुपारी पळत येऊन, "बाई, सकाळचं खोटं हाय," म्हणायची. आधी ती पोरांशी मारामाऱ्या करायची, ते थांबलं. तिच्या निमित्तानं सबंध वर्गालाच आधी विचारायची पद्धत पडली, आणि आणखी दोन-तीन पोरं, ज्यांना कुणी मोजत नव्हतं, पुढं सरकली.

स्कॉलरशिपचा अर्ज कारभारी गुरुजींनी भरला. निकाल लागला आणि त्यानंतर तो मांडव, ती शाल, काकासाहेब सर.

"एवढ्यात नको," द्वारकाबाई भिकनला म्हणाल्या होत्या. "लहान आहे. इथंच राहू द्या, मी आहे ना."

भिकन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, तुमी लई केलं. पर आता एवढ्या मोठ्या मान्सानं हात ठेवला, त्याला नाय कसं म्हनू? आमच्यात कुनी शिकलं नाय."

काकासाहेबांनी तर द्वारकाबाईंपुढं हातच जोडले. "मॅडम, हिरा तुम्ही शोधलात. पैलू पाडायचं काम आमचं."

जूनमध्ये बाना गेली. दिवाळी झाली तसा भिकन मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरला. बानाची आई, सखूबाई, त्या साली सासूच्या आजारपणामुळं वस्तीवरच राहिली होती. ती कधी शहरात गेली नव्हती. तिनं द्वारकाबाईंना विनवलं, "येकदा बघून या ना बाई. सपनात लई येती."

द्वारकाबाई एका रविवारी गेल्या. औरंगपुऱ्यातली ती गल्ली दुकानांच्या गर्दीतून आत वळत होती, आणि वळल्यावर एकदम आवाज कमी व्हायचा. इमारत चार मजली. दारावर मोठा फलक, त्यावर मुलांचे चेहरे, मधोमध बाना. फोटोतली बाना गोरी केलेली होती. वर बघितलं तर प्रत्येक मजल्याच्या गॅलरीला, अगदी गच्चीच्या कठड्यालासुद्धा, लोखंडी जाळ्या होत्या. इमारत जुनी, रंग उडालेला, आणि जाळ्या नव्याकोऱ्या.

भेटीच्या खोलीत बाना आली. केस तेल लावून घट्ट बांधलेले, पायांत बूट-मोजे. बाईंना बघून ती हसली, पण हसू लगेच मिटलं.

"जेवतेस का नीट?"

"व्हय."

"मैत्रिणी झाल्या?"

"बोलायला वेळ नसतो."

"काय नवीन सापडलं?"

बानानं त्यांच्याकडं बघितलं, जणू हा प्रश्न तिनं कुठंतरी ऐकला होता पण कुठं ते आठवत नव्हतं. "नवीन काय नसतं बाई. सगळं येतं. नुसतं पटापट करायचं असतं."

बाई वस्तीवरचं काही सांगत होत्या, आजी कशी आहे, कुत्रीला पिल्लं झाली. बाना मान हलवत होती. पण तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. द्वारकाबाईंना वाटलं, पाढे म्हणते आहे.

बाहेर येऊन त्या समोरच्या टपरीवर चहाला थांबल्या. टपरीवाला म्हातारा त्यांच्याकडं बघत होता. "पोरगी है अंदर?" त्यानं विचारलं.

"माझी विद्यार्थिनी आहे."

"हौ." तो थोडा वेळ कप विसळत राहिला. "ये जाल्या नव्हत्या आधी. वो शेंद्रेवाली पोरगी के बाद लगाई."

"कोण?"

"नाव नको विचारू बाई. उसका बी फोटो था वहाँ बीच में. एक दिन फजर के टाइम, सुबू सुबू, ऊपर जाके बैठी, पाव बाहर डालके. दो घंटे बैठी. मैंने देखा सबसे पहले. गिरी नहीं, अल्ला का करम. फिर दुसरे दिन फोटो बी गया, पोरगी बी गयी."

त्या चहा अर्धा ठेवून उठल्या. कन्नडच्या गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की टपरीवर लोक काहीही बोलतात. पण तपासल्याशिवाय मानायचं नाही, तसं तपासल्याशिवाय सोडायचंही नाही. फलकावर मधोमध फोटो म्हणजे जिल्ह्यात पहिली आलेली असणार. तिचं नाव त्यांना शाळेतल्या जुन्या वर्तमानपत्रांत सापडलं. वैजंता. गाव शेंद्रा.

शेंद्र्याला त्या पुढच्या सुट्टीत गेल्या. गावाच्या एका अंगाला ज्वारी उभी होती आणि दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या लांबलचक भिंती. वैजंताचं घर त्या भिंतींच्या बाजूला. बाप बन्सी कंपनीत पाळीवर गेलेला. आजी, आवडाबाई, ओट्यावर तूर पाखडत होती. द्वारकाबाईंनी आपण मास्तरीण आहोत असं सांगितलं तशी म्हातारीचे हात थांबले.

"आता काय ऱ्हायलं?" ती म्हणाली. "आता कशाला आल्या?"

"मी तिथली नाही आजी. माझी एक पोरगी तिथं आहे."

आवडाबाईनं बराच वेळ त्यांचं तोंड निरखलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि दार लोटून आत नेलं.

आतल्या खोलीत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी भिंतीकडं तोंड करून बसली होती. केस कापलेले. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. ओठ हलत होते, आणि इथं आवाजही होता, एकसारखा, हळू.

"ब. ब. ड. क. अ. क. क. ड."

"आमाला आधी वाटलं देवाचं नाव घेती," आवडाबाई म्हणाली. "मग बन्सीनं नीट ऐकलं."

द्वारकाबाई खाली बसल्या. पेपरातल्या पर्यायांची अक्षरं होती ती. त्यांनी हळूच विचारलं, "वैजंता, ही कोणत्या प्रश्नांची उत्तरं गं?"

मुलीनं मान वळवली नाही. पण अंगठा थांबला. "प्रश्न बघायचा नसतो," ती म्हणाली. "वेळ जातो."

मग पुन्हा सुरू. "अ. ड. ब. ब."

"दोन साल झालं," आवडाबाई म्हणाली. "जेवती, झोपती, काम सांगितलं तर करती. पर ध्यान तिकडंच. लई हुशार होती बाई. तिला इचारायचा लई नाद. आभाळ कुठं संपतं, इंजन कशानं फिरतं. मी म्हनायची, गप बस गं, किती इचारशील." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "आता मी रोज वाट बघती, काहीतरी इचारील म्हणून."

द्वारकाबाईंना बानाचे न आवाज करता हलणारे ओठ दिसले. त्या उठल्या आणि कन्नडची गाडी धरली.

वस्तीवर त्या थेट सखूबाईकडं गेल्या. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. जे बघितलं ते सांगितलं. सखूबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिचा बाप खाली गंगथडीला, मेंढरांमागं. त्याच्यापाशी फोन बी नाय. त्याला कुठं गाठू?"

"गाठता येणार नाही. तुम्ही आई आहात."

"लोक म्हनतील, चांगलं चाललं व्हतं, आईनं मोडलं."

"म्हणतील," द्वारकाबाई म्हणाल्या.

कारभारी गुरुजींना हे कळलं तेव्हा ते घाबरेच झाले. "बाई, शाळेचं नाव झालंय. केंद्रप्रमुखांनी भाषणात आपलं उदाहरण दिलं. ते काकासाहेब वरपर्यंत पोचलेले आहेत. एका टपरीवाल्याच्या बोलण्यावरून?"

"मी मुलगी बघून आले, गुरुजी."

"ती मुलगी मुळातच अशक्त मनाची असेल."

"असेल. आपली कशी आहे, ते बघायला कोण गेलं?"

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आणि सखूबाई पहाटेच्या जीपनं कन्नडला आणि तिथून एसटीनं शहरात गेल्या. सखूबाई खिडकीचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. गल्लीत वळल्यावर तिनं वर बघितलं आणि विचारलं, "जनावरं हाईत का वर?"

दारावरच्या माणसानं अडवलं. चाचणीचा आठवडा चालू आहे, रविवारशिवाय भेट नाही, सरांची परवानगी लागेल.

सखूबाईनं पायातल्या वहाणा काढल्या, त्या एका बाजूला ठेवल्या आणि दारातच मांडी घातली. "माही लेक हाय आत. मी बसते इथं."

माणसं जमायला लागली तेव्हा काकासाहेब खाली आले. त्यांनी दोघींना ऑफिसात नेलं, पाणी मागवलं, पंखा लावायला सांगितला. निकालाचा तक्ता पुढं सरकवला. "बघा आई, प्रत्येक चाचणीत पहिली. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते. एकदा नेली तर मला परत घेता येणार नाही. रांगेत पुष्कळ उभे आहेत." मग द्वारकाबाईंकडं वळून त्याच गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या सेवेची अजून बरीच वर्षं आहेत. कशाला वाईटपणा घेता?"

"वैजंता कुठं आहे, सर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कोण?"

"शेंद्र्याची. मधोमध फोटो होता."

काकासाहेबांनी निकालाचा तक्ता परत आपल्याकडं ओढला. पंखा करकरत होता. "घरगुती अडचण होती तिची," ते म्हणाले. "आम्ही खूप प्रयत्न केले."

"मी तिला भेटून आले."

घंटी वाजवून काकासाहेबांनी शिपायाला बोलावलं आणि बानाला आणायला सांगितलं.

बाना आली. आईला बघून धावली नाही. दारातच उभी राहिली आणि विचारलं, "आज कितव्या सेटचा पेपर हाय?"

सखूबाई उठली, तिला जवळ घेतलं आणि डोक्यावरून हात फिरवला. हात कानामागं थांबला. तिथं रुपयाएवढी चकती साफ गुळगुळीत झाली होती. केस उपटले होते, बानानंच, एक एक करून. बाजूला तशीच दुसरी. घट्ट वेणीखाली दोन्ही झाकल्या जात.

सखूबाई रडली नाही. तिनं पदर काढून पोरीच्या डोक्यावर घातला आणि काकासाहेबांकडं न बघता म्हणाली, "चला बाई."

सामान त्यांनी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. जिन्यावर, दारांच्या फटींतून मुलं बघत होती. तेवढ्या मुलांची ती शांतता द्वारकाबाई पुढं कधी विसरल्या नाहीत.

चैत्रात भिकन परत आला. पोरगी वस्तीवर बघून त्याला आधी वाटलं, सुट्टी असेल. खरं कळल्यावर तो शाळेत आला, आणि दाराबाहेरूनच बोलला. "तुमीच वर चढवलं, तुमीच खाली वडलं. आमच्या पोरीवर काय काय करून बघनार हाव तुमी?" द्वारकाबाईंना हे जिव्हारी लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं तो त्यांच्याशी बोलला नाही. तक्रार झाली, विद्यार्थिनीच्या प्रगतीत अडथळा आणल्याची. जूनमध्ये द्वारकाबाईंची बदली घाटाखाली, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली.

पण मधले ते दोन-तीन महिने त्यांना मिळाले होते. प्रशिक्षणातल्या त्या बाईंना त्यांनी फोन केला, त्यांच्या ओळखीनं मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते अवघड होतं: काही करू नका. अभ्यास नको, गणित नको, हुशार म्हणणंसुद्धा नको. बाना लहान पोरांत बसायची, चिंध्यांचा चेंडू खेळायची, मध्येच थांबायची आणि अंगठा पेरांवर जायचा. द्वारकाबाई बघायच्या, महिन्यानं बघायच्या, फरक पडला का. पहिल्या महिन्यात पडला नाही. दुसऱ्यातही नाही. त्यांना रात्री झोप लागेना. काहीच न करण्याचीही परीक्षा घ्यावी लागते, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

बदलीच्या आदल्या आठवड्यात त्या वर्गात फळा पुसत होत्या. मागून आवाज आला. "बाई, खडूचा भुगा खाली पडतो, मग धूळ वर का जाती?"

द्वारकाबाई पाठमोऱ्याच राहिल्या. वळल्या असत्या तर पोरीला त्यांचं तोंड दिसलं असतं. "मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "बघू या."

सगळं नीट झालं असं मात्र नाही. बाना दहावीला पहिल्यांदा नापास झाली, गणितातच. पेपर पुढ्यात आला आणि हात उचलला नाही, एवढंच तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा ती एका वेगळ्या खोलीत, वेळेची सवलत घेऊन बसली. त्या सवलतीचा दाखला मिळवण्यासाठी सखूबाई आणि द्वारकाबाई किती कचेऱ्या फिरल्या त्याला गणती नाही. तेव्हा भिकन पहिल्यांदा त्यांच्या घरी आला, ओसरीत बसला आणि चहा पिऊन गेला. पुढं बाना कन्नडच्या कॉलेजात गणित घेऊन शिकली. तिचे नंबर कधी आले नाहीत. पण एखाद्या प्रश्नामागं ती महिना महिना असायची, आणि सापडलं की रिक्षा करून बाईंच्या घरी यायची.

शेंद्र्याला द्वारकाबाई जातच राहिल्या. बन्सीला समजावून वैजंतालाही त्याच डॉक्टरांकडं नेलं. उशीर झाला होता. ती आता अक्षरं मोठ्यानं म्हणत नाही, घरातलं सगळं करते, भाकरी उत्तम थापते. पण आवडाबाई गेली तोवर तिनं तिला काही विचारलं नव्हतं.

द्वारकाबाई रिटायर झाल्या त्या उन्हाळ्यात बाना एका दुपारी आली. उन्हातून आली होती, तोंड लाल झालेलं. पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, नोकरी लागली. गणित शिकवायची."

"अगं वा. कुठं?"

"औरंगपुऱ्यात."

द्वारकाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "बाना."

"तिथंच. सर आता थकले, त्यांचा मुलगा बघतो. त्याला मी कोण ते माहीत नाय. आता सहा मजले केलेत."

"कशाला जातेस?" द्वारकाबाईंनी तिचा हात धरला. "दुसऱ्या शाळा काय कमी आहेत? तुला पुन्हा काही..."

"व्हईल बी," बाना म्हणाली. तिनं ते शांतपणे म्हटलं, जसं एखादा पर्याय तपासून बाजूला ठेवावा. "पर बाई, तुमी आत येऊ शकत नव्हत्या. रविवारी, भेटीच्या खोलीत, तेवढंच. मी रोज आत असनार. त्या पोरांत कोन गप झालं, ते मला कळंल. दुसऱ्या कुनाला नाय कळायचं."

द्वारकाबाईंना खूप बोलायचं होतं. थांबवायचंही होतं. बाविशीतल्या त्या मुलीकडं बघताना त्यांना कळेना, ही धीट झाली आहे की त्या इमारतीनं हिला अजून सोडलेलं नाही. तपासायला कुठली पद्धत नव्हती. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "दर रविवारी फोन करायचा. एकही चुकवायचा नाही."

पहिल्या रविवारी फोन आला. दुसऱ्या रविवारी आला. आवाज बरा होता, जेवण बेताचं होतं, चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली होती. तिसऱ्या रविवारी दिवस मावळेपर्यंत फोन वाजला नाही. द्वारकाबाई तो हातात घेऊनच बसल्या होत्या. दोनदा त्यांनी लावला, दोन्ही वेळा नुसती रिंग गेली.

दिवेलागणीला बानाचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती, जिन्यात उभं राहून बोलावं तशी.

"बाई, एक पोरगी हाय इथं. पैठणकडची. आज दिवसभर तिच्यापाशीच बसलेय. तुमी याल का?"

"तू बरी आहेस ना?"

पलीकडं दार आपटल्याचा आवाज, कुणाची तरी पावलं, आणि बानाचा श्वास.

"आधी तिच्यासाठी या," बाना म्हणाली.

"शेवटची गाडी आहे अजून," द्वारकाबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला उठल्या.